लाल फितीची चावी

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं मला शिकवलंय, पण गोष्ट सांगायची तर एकदा तरी घ्यावंच लागणार. विश्वंभर. झालं, घेतलं. आता पुढे मी 'हे' म्हणेन, आणि 'हे' म्हणजे दुसरं कुणी नाही एवढं लक्षात ठेवा.

तर हे. चौलच्या सुपारीच्या वाडीत जन्मले आणि जन्मापासून पायाला भिंगरी. सासूबाई सांगायच्या, रांगायला लागला तेव्हा याला झोपाळ्याच्या कडीला बांधून ठेवावं लागे. मला वाटायचं, आई आहे, कौतुकानं सांगते. लग्न झाल्यावर कळलं की कौतुक कसलं डोंबलाचं, तक्रार होती ती! जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे, कारण काय तर मागच्या दाराची बिजागरी वाजतेय. भात निवून जायचा. मी ओरडायचे, "अहो, दार कुठे पळून चाललंय का?" तर म्हणायचे, "दार नाही पळत. आवाज पळतो. मग शोधून सापडत नाही."

आवाज ऐकणं हा ह्यांचा धंदाच होता. गावात मात्र सगळ्यांना वाटायचं की हे विमान चालवतात. रामेश्वराच्या देवळात कुणी कौतुकानं विचारलं की हे लगेच सांगून टाकायचे, "मी नाही चालवत हो. चालवणारे दोघं पुढे बसतात. मी त्यांच्या जरा मागे, दोघांच्या मधे. इंजिनं माझ्याकडे. फ्लाइट इंजिनिअर म्हणतात." की समोरच्याचं तोंड उतरलंच! आमच्या वाडीत सुपारी पाडायला येणारा सदू तर एकदा म्हणाला, "म्हंजी एस्टीच्या किन्नरावानी, व्हय ना दादा?" किन्नर म्हणजे गाडीचा क्लीनर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आणि हे आपले हसतायत. "अगदी बरोबर सदू," म्हणे, "फक्त आमची एस्टी मधे कुठे थांबत नाही."

देश स्वतंत्र झाला त्याच्या जरा आधी हे हवाई दलात फिटर म्हणून लागले. घरातून कुणाचा होकार नव्हता. सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंचं म्हणणं, वाडी कुणी बघायची? पण हे गेले ते गेलेच. सत्तेचाळीसच्या थंडीत डाकोटा विमानांतून श्रीनगरला जवान उतरवत होते तेव्हा हे खाली धावपट्टीवर इंजिनांना हात घालून उभे होते. बोटं गोठून हत्यारं हाताला चिकटायची म्हणे. पुढे दोन शेपट्यांची मोठी विमानं आली, पॅकेट म्हणायचे त्यांना, आणि त्यात इंजिनांपाशी बसायला माणूस लागायला लागला. शिकायला पाठवलेल्यांत हे होते. त्या दिवसापासून हे जमिनीवर असले की अर्धेच असायचे.

लग्नानंतर काही वर्षं मी ह्यांच्याबरोबर आग्र्याला क्वार्टरमध्ये काढली. त्या लोकांच्या रीती मला तिथे कळल्या. एक रीत हाताची. विमान सुटताना साहेब, म्हणजे पुढे बसून चालवणारे, इंजिनाचे दांडे पुढे ढकलतात. त्या वेळी फ्लाइट इंजिनिअरनं आपला हात साहेबांच्या हातामागे ठेवायचा. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसता ठेवायचा. इंजिनं थरथरून दांडा मागे सरकला तर? म्हणून. ते मला कुणी शिकवलं? क्वार्टरमागच्या विहिरीनं. मी दोर ओढत होते आणि मागून ह्यांचा हात येऊन माझ्या हातामागे बसला. मी दचकून बादलीच सोडली. "इश्श, कुणी बघेल!" म्हटलं. तर म्हणाले, "बघू दे. ड्यूटीवर आहे मी."

दुसरी रीत पिनांची. विमान उभं असताना त्याचे पाय मुडपू नयेत म्हणून त्यांच्यात लोखंडी पिना घालून ठेवतात. प्रत्येक पिनेला हातभर लाल फीत, लांबून दिसावी अशी. त्या काढायच्या विसरल्या तर चाकं पोटात जात नाहीत. म्हणून निघण्याआधी फ्लाइट इंजिनिअर विमानाला पुरती फेरी घालतो, सगळीकडे तळवा लावून बघतो, पिना काढतो आणि साहेबांच्या डोळ्यासमोर धरतो. साहेबांनी म्हणायचं, बघितल्या. ते म्हटल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. घाई कितीही असो, साहेब कितीही मोठा असो.

ह्यांनी ते घरात आणलं. आग्र्याला एकदा बाजारात निघालो, दाराला कुलूप लावलं आणि चावी माझ्या नाकासमोर धरून उभे.

"हे काय?" मी विचारलं.

"बघितली म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बाजार रद्द."

मी म्हटलं, बघितली हो, कॅप्टन तुम्ही का मी? तर गंभीर चेहरा करून म्हणतात कसे, "अर्थात तू. मी आपला इंजिनं बघणारा." तेव्हापासून तो पायंडाच पडून गेला. पुढे सासूबाई गेल्या, भाऊ एकटे पडले, मी वाडी बघायला चौलला परत आले. मूलबाळ नाही आम्हाला, ते दुःख वेगळं, ते इथे नको. हे सुट्टीला यायचे आणि जायचे. जायच्या दिवशी काळी ट्रंक भरून झाली की कुलूप लावायचे. ट्रंकेच्या चावीला ह्यांनी बाद झालेल्या पिनेची लाल फीत बांधली होती. ओटीवर उभं राहून ती माझ्यासमोर धरायचे. मी म्हणायची, "बघितली." मगच पायरी उतरायचे. भाऊ तेवढ्यापुरते मान फिरवून सुपाऱ्या मोजल्यासारखं करायचे.

मी ती चावी किती वेळा बघितली असेल! दर वेळी तोंडानं बघितली म्हणायचं, मनातलं वेगळंच. मी जा म्हटल्याशिवाय ह्यांना जायचं नसायचं, आणि मला जा म्हणायचंच नसायचं. पण रीत ती रीत.

मग ते बासष्ट साल आलं.

गणपती होऊन गेले होते. हे सुट्टीवर आले ते न कळवता. आल्या आल्या भाऊंच्या पाया पडले, चहा अर्धा पिऊन उठले आणि वाडीत गेले. तिथून परत अंगणात, अंगणातून विहिरीवर, विहिरीवरून पुन्हा वाडीत. नेहमी असायचीच ह्यांना घालमेल, पण या खेपेला पाहवेना. प्रत्येक सुपारीला तळवा लावत चालायचे. सदू झाडावरून ओरडला, "दादा, ही काय उडनारी हाय का? हात लावून काय बघता?" एरवी हे चार शब्द परत टाकायचे. या वेळी वर बघितलंसुद्धा नाही.

मला आधी वाटलं रागावलेत. मग वाटलं सीमेवरच्या बातम्यांनी डोकं जड झालंय. त्या दिवसांत वर्तमानपत्रात रोज लडाखचं काही ना काही असायचं, आणि ह्यांचं विमान तिकडेच जायचं, जवान आणि शिधा घेऊन. मग एके दिवशी मी चहा घेऊन डाव्या बाजूनं गेले, हाक मारली, पुन्हा मारली. ह्यांनी मान वळवली नाही. कप पुढे केला तेव्हा दचकले.

दुसऱ्या दिवशी हे ओटीवर सुपारी सोलत बसले होते. मी मुद्दाम डाव्या अंगाला उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हटलं, "अहो, घर पेटलंय."

ह्यांनी एक सुपारी सोलली, टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली.

मी पुढे येऊन समोर बसले आणि विचारलं, "कधीपासून?"

ह्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. माणूस लबाडी करणारा नव्हता, निदान तोवर तरी. म्हणाले, "कमी होत होता. उन्हाळ्यापासून जवळजवळ गेलाच. उजवा शाबूत आहे."

"कुणाला माहितीये?"

"आता तुला."

मग सगळं बाहेर आलं. ऑगस्टात डोंगरांमधून जाताना डाव्या इंजिनाचा आवाज बदलला. आणि तो आधी ऐकला ढिल्लन साहेबांनी. ढिल्लन साहेब म्हणजे ह्यांचे कॅप्टन, पुढे बसून विमान हाकणारे. त्यांनी मागे वळून विचारलं, डावीकडे काय आहे ते? आणि मग ह्यांनी काट्यांकडे बघितलं.

"इंजिन माझं आणि आवाज त्यांनी ऐकला," हे म्हणाले. हातातली सुपारी तशीच राहिली होती. "मी ऐकायला हवा होता. त्यासाठीच बसवलंय मला तिथे."

"मग पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय. ते इंजिन बंद केलं, परत फिरलो, उतरलो. मागे जवान होते, पोरं सगळी. त्यातल्या एकानं उतरताना माझा हात धरून आभार मानले. माझे, अनू! मला तोंड लपवायला जागा नव्हती."

मी म्हटलं, मग सांगून टाका की साहेबांना. त्यात काय एवढं? इतकी वर्षं केलीत नोकरी, आता वाडी बघा. आणि खरं सांगते, हे बोलताना माझा आवाज आनंदानं चढला होता. लपवता आला नाही मला. ह्यांनी तो ऐकला, एका कानानं का होईना.

"तुला बरंच वाटत असेल," म्हणाले.

"वाटतंय! का वाटू नये? डोक्यावरून विमान गेलं की माझा जीव टांगणीला लागतो. ते तुमचं नाही हे मला कळत असतं, तरी लागतो. तुम्हाला काय त्याचं!"

"आणि तिकडे सगळे रोज दोन दोन फेऱ्या मारतायत आणि मी इथे नारळ मोजत बसू? आत्ता? या दिवसांत?"

हे उठून पुन्हा वाडीत गेले.

सुट्टी संपल्यावर ह्यांची वर्षाची डॉक्टरी तपासणी होती. खरी अडचण ती होती. कानाच्या तपासणीत माणसाला डॉक्टरकडे कान करून उभं करतात, एक कान बोटानं बंद, आणि डॉक्टर लांबून कुजबुजत शब्द बोलतो. ऐकू आला की तो म्हणून दाखवायचा. हे मला ह्यांनीच सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की तिथले शब्द वर्षानुवर्षं तेच, त्याच क्रमानं. जुनी माणसं नव्यांना ते सांगून ठेवतात. डोळ्याच्या तक्त्यावरची अक्षरं जशी पाठ करतात ना, तसंच.

"म्हणजे तुम्ही पास होणार," मी म्हटलं.

"होऊ शकतो. पण मला बघायचंय किती उरलाय. थोडा जरी असेल तर शब्द म्हणायचे. अगदीच नसेल तर..." वाक्य अर्धंच सोडलं. मग म्हणाले, "तू डॉक्टर हो."

आता ही कसली थेरं! पण गेले. दुपारची वेळ, भाऊ आत झोपलेले, सदू घरी गेलेला. वाडीत पाटाच्या कडेला हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. ठरलं असं की ऐकू आलं की हात वर करायचा आणि मग शब्द सांगायचा. आधी डाव्या कानात बोट घातलं. मी लांबून हळूच म्हटलं, "मुरांबा." हात वर. "मुरांबा." मग पाटा, मग पंचपाळं, मग "भाऊंची कवळी". त्यावर हे इतके हसले की मलाही हसू आवरेना. कित्येक दिवसांनी हसत होतो आम्ही.

मग ह्यांनी बोट उजव्या कानात घातलं.

"विळी," मी म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं. दोन झाडं पुढे आले आणि म्हटलं. हे तसेच उभे, मान जरा कलती करून, सगळं अंग ताठ.

"बोलतेयस का नुसती उभीच आहेस?"

"बोलतेय हो, मघापासून विळी म्हणतेय!" मी ओरडले.

"मग मोठ्यानं बोल ना जरा!"

"का म्हणून? डॉक्टर मोठ्यानं बोलणार आहे का?"

ह्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की मी कुणी वैरीण आहे. मग पुन्हा पाठ केली, पुन्हा बोट घातलं. मला त्या पाठीचा राग आला आणि दयाही आली. सदरा घामानं चिकटला होता. मी अगदी जवळ गेले, हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता, आणि विळी म्हणायचं सोडून माझ्या तोंडातून निघालं, "जाऊ नका."

ह्यांनी हात वर केला.

ऐकलं! मला वाटलं, आता वळतील आणि काहीतरी बोलतील. मी कसंबसं विचारलं, मोठ्यानं, "काय म्हटलं मी?"

"विळी," हे म्हणाले. अगदी ठाम.

मी तिथेच पाटाच्या कडेला बसले. मी जवळ आल्याची चाहूल लागली, तेव्हा म्हटलंच असणार असा ह्यांनी अंदाज बांधला, मघाचाच शब्द धरला आणि हात वर केला. माझ्यासमोर! जिच्यापासून लपवायचं काही उरलं नव्हतं तिच्यासमोर. मग डॉक्टरापुढे काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बरोबर ना?" ह्यांनी वळून विचारलं. माझं तोंड बघितलं आणि हात हळूहळू खाली आणला.

"आणि वर डोंगरात साहेब विचारतील तेव्हाही असाच हात वर करणार का?" मी म्हटलं. "मागे पोरं बसलेली असताना?"

"तू काय म्हणाली होतीस?"

"नाही सांगणार."

हे निघून गेले. त्या दिवशी वाडीला किती फेऱ्या घातल्या देव जाणे. सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही मीठ वाढ, पाणी दे, एवढंच बोललो. मी रात्री कूस बदलायची तर हे आधीच उठून बसलेले असायचे. भाऊंनी एकदा विचारलं, काय गं, काय बिनसलंय? मी म्हटलं, काही नाही, हवा बदललीय.

निघायचा दिवस आला. पावसाळा सरून रेवसची लाँच नुकती सुरू झाली होती, अलिबागला जाणारी एस्टी गाठायची होती. ट्रंक ओटीवर आली. कुलूप लागलं. सदू ती डोक्यावर घेऊन फाटकापाशी उभा राहिला. भाऊंच्या पाया पडून झालं. आणि हे माझ्यासमोर आले, लाल फितीची चावी धरली.

"कॅप्टन, चावी."

मी बोलले नाही.

"चावी," हे पुन्हा म्हणाले.

मी त्या फितीकडे बघत उभी राहिले. ओठ घट्ट मिटून. भाऊंनी या खेपेला मान फिरवली नव्हती. सदू म्हणाला, "वैनी, यष्टी न्हाय थांबायची." म्हटलं, नाही थांबत तर न थांबू दे.

"डॉक्टराला खरं सांगणार?" मी विचारलं. "सांगणार असाल तर बघितली."

ह्यांचा हात तसाच वर. चेहऱ्यावर सगळं येऊन गेलं, राग, लाज, विनवणी. मलाही रडू फुटत होतं, पण मी डोळे हलवले नाहीत. वाटलं, आता हो म्हणतील. वाटलं, आता ओरडतील. लांबून एस्टीचा आवाज आला. तो मी ऐकला, सदूनं ऐकला. ह्यांनी ऐकला की नाही कळलं नाही.

मग ह्यांनी चावी झोपाळ्यावर ठेवली, पायरी उतरले आणि गेले. पहिल्यांदाच, माझ्या 'बघितली'शिवाय. झोपाळा हलत होता आणि फीत खाली लोंबत होती. मी धावत फाटकाशी गेले तेव्हा एस्टी वळणाला लागली होती. कुलूपबंद ट्रंक घेऊन हा माणूस निघाला होता आणि चावी घरात!

तीनेक आठवड्यांत लढाई सुरू झाली.

त्या थंडीबद्दल मला कुणी विचारू नये. किराणा दुकानात रेडिओ होता. तिथे गावातली सगळी पुरुषमंडळी जमायची आणि मी तेल घ्यायच्या निमित्तानं जाऊन उभी राहायची. घरात तेलाच्या बरण्या भरून गेल्या. विमानांनी अमुक ठिकाणी रसद उतरवली असं ऐकलं की तोंडचं पाणी पळायचं. ह्यांची कार्डं यायची, पण त्यांत काय, मी ठीक आहे, भाऊंची काळजी घे. कामाचं काही लिहायची त्यांना मुभा नसायची. उडतायत की नाही, डॉक्टरापुढे काय झालं, एक अक्षर नाही. मी विचारूही शकत नव्हते. विचारून विचारू काय, की तुम्ही खोटं बोललात का हो?

चावी मी पदराच्या टोकाला बांधली होती. काम करताना ती गुडघ्याला आपटायची. मनात सारखं एकच. मी बघितली म्हटलं असतं तर? मी न म्हणताच गेलेला माणूस काय करेल? रागानं गेलाय, रागानं उडेल. एक कान घेऊन डोंगरांत. मागे पोरं. आणि तसंच काही झालं तर शेवटचं काय, तर बायकोनं तोंड मिटून घेतलेलं. असं मनात आलं की मी विहिरीवर जाऊन पाणी काढत बसायची, लागत नसलं तरी. आणि तरीसुद्धा सांगते, पुन्हा तो दिवस आला असता तरी मी तोंड मिटलंच असतं.

लढाई थांबली. तरी हे आले नाहीत. आले ते शिमग्याच्या सुमाराला, नोकरीची मुदत संपवून. मी अंगणात शेणाचा सडा घालत होते. फाटक वाजलं. सदूच्या डोक्यावर ट्रंक होती आणि तिला कुलूप नव्हतं. काथ्याची दोरी गुंडाळलेली होती.

हे फाटकाच्या आत आले आणि ओटीच्या पायरीशी थांबले. वर चढेनात. मी हात धुतले, पदराची गाठ सोडली आणि चावी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"बघितली," मी म्हटलं. मग हे वर आले.

ते सगळं ह्यांनी जेवताना सांगितलं, आणि त्या दिवशी पानावरून उठले नाहीत. तळावर पोचल्यावर युनिफॉर्म ट्रंकेत आणि चावी चौलला, म्हणून छिन्नीनं कुलूप तोडावं लागलं. सगळे हसले. मग तपासणी. डॉक्टर कुजबुजून थांबला. शब्द ह्यांना पाठ होता, ओठांवर आला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग म्हटलं, ऐकू आलं नाही, सर. कॅप्टननं बघितली म्हटलं नव्हतं ना. निघायचं कसं?"

मी पदरात तोंड लपवलं. भाऊ उगीचच ताक मागायला लागले.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी बाई म्हणायची. मला हवं ते मिळालं होतं. आणि जे मिळालं होतं ते दिवसभर वाडीत येरझाऱ्या घालत होतं. सबंध लढाईभर हे जमिनीवर होते. ह्यांच्या जागी मॅथ्यू नावाचा तरुण बसायचा. हे विमानाला फेरी घालून पिना काढून त्याच्या हातात द्यायचे आणि धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहायचे. एकदा विमान यायला फार उशीर झाला. ते जिथे उभं असायचं तिथे जमिनीवर तेलाचे डाग होते. हे त्या डागांभोवती दुपारभर फिरत राहिले, हात लावायला काही नव्हतं तरी. "आलं शेवटी," म्हणाले. "सगळी पोरं आली. माझ्यावाचून गेली आणि माझ्यावाचून आली." हे सांगताना आनंद होता आणि डोळ्यांत पाणीही होतं. मला ते बघवलं नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी विहिरीवर दोर ओढत होते. मागून पावलं आली आणि ह्यांचा हात माझ्या हातामागे येऊन बसला. पुष्कळ दिवसांनी. बादली वर येत होती. मी ह्यांच्या डाव्या अंगाला होते. मनातलं सगळं तोंडाशी आलं, आणि म्हटलं, आता बोलून टाकावं, ऐकू जाणारच नाही.

"काही म्हणालीस?" ह्यांनी विचारलं. माझे ओठ हललेले दिसले असावेत.

"नाही."

"इकडून ये. इकडून बोल."

मी दोर न सोडता ह्यांच्या उजव्या बाजूला आले. म्हटलं, "त्या दिवशी वाडीत मी विळी नव्हते म्हणाले."

"ते कळलंच होतं. काय म्हणाली होतीस?"

"म्हटलं होतं, जाऊ नका."

बादली काठाशी येऊन थांबली. पाणी हिंदकळून आमच्या पायांवर सांडलं. हे विहिरीत बघायला लागले. मला वाटलं रागावले. इतके दिवस मनात ठेवलं म्हणून, किंवा म्हटलंच का म्हणून. मग माझ्या हातामागचा हात तसाच दोरावर ठेवून ह्यांनी दुसरा हात वर केला.

"ऐकलं," म्हणाले.